पोलाद खोटे नव्हते: एका कुऱ्हाडीच्या दुरुस्तीचे प्रकरण

अकोले तालुक्यातील माझ्या मामांच्या घरी आजोबांच्या वेळेपासून एक कुऱ्हाड आहे. ही कुऱ्हाड एका उन्हाळ्यात तीन वेळा लोहाराच्या आगटीत गेली. पहिल्या दुरुस्तीनंतर तिचे पोलाद सुटले, दुसऱ्या दुरुस्तीनंतर धारेचा टवका उडाला आणि तिसऱ्या वेळी ती सुधारली. दोन्ही अपयशांनंतर घरातल्या आणि शेजारच्या माणसांनी एकच निदान केले: पोलाद खोटे निघाले. माझे शिक्षण धातुशास्त्राचे असूनही पहिल्या वेळी मी त्या निदानाला मान डोलावली होती. ते निदान दोन्ही वेळा चुकीचे होते असे पुढे दिसून आले. चूक कुठे होती आणि ती कशी सापडली, हे क्रमाने नोंदवण्यासाठी हे टिपण लिहीत आहे.

दांड्याशिवाय कुऱ्हाडीचे वजन सव्वा किलोपेक्षा थोडे कमी भरले. माथ्यापासून धारेपर्यंतची लांबी सतरा सेंटिमीटर होती आणि धारेची रुंदी नऊ सेंटिमीटर. मामांची तक्रार अशी की धार लावली तरी टिकत नाही. चार घाव घातले की ती बोथट होते, एवढेच नव्हे तर एका बाजूला वळते. धार तुटणे आणि धार वळणे ही दोन अगदी वेगळी लक्षणे आहेत. तुटणारी धार गरजेपेक्षा कडक असते. वळणाऱ्या धारेत कडक व्हायला काही उरलेलेच नसते. खात्री करून घेण्यासाठी मी पात्याची एक बाजू दगडावर घासून लखलखीत केली, तिच्यावर लिंबाचा रस चोळला आणि अर्धा तास थांबलो. आम्लाने पोलाद काळसर होते आणि मऊ लोखंड उजळ राखाडी राहते, त्यामुळे एरवी डोळ्यांना न दिसणारी दोन धातूंमधली सीमा स्पष्ट होते. इथे संपूर्ण पाते उजळ निघाले. फक्त धारेच्या मधोमध, बोटाच्या नखाएवढ्या जागेत, एक काळा त्रिकोण शिल्लक होता. उजळ भागात लाकडाच्या रेषांसारख्या लांबट रेषा दिसत होत्या, म्हणजे मूळ अंग जुन्या पद्धतीच्या तंतुमय लोखंडाचे होते. अशा लोखंडात कर्ब जवळजवळ नसतो आणि मळीचे, म्हणजे लोखंड गाळताना राहिलेल्या काचेसारख्या मळाचे, बारीक धागे अडकलेले असतात. त्याला कितीही पाणी पाजले, म्हणजे तापवून पाण्यात बुडवले, तरी ते कडक होत नाही.

थोडक्यात, वर्षानुवर्षे पाजवून आणि शेवटून (तापवून, ठोकून धार काढून) कुऱ्हाडीतले पोलाद खपले होते आणि उरलेल्या लोखंडाला धार धरून ठेवणे शक्य नव्हते. यात काही नवल नाही. पोलाद महाग आणि लोखंड स्वस्त असण्याच्या काळात कुऱ्हाड, विळा, कुदळ यांचे अंग लोखंडाचे करून फक्त कामाच्या कडेला पोलाद घालण्याची रीत होती. खपले की पुन्हा घालायचे. पैशांच्या बचतीखेरीज या रीतीला दुसरेही कारण होते: मऊ अंग घावाचा हादरा सोसते आणि कडक कड कापते. नेढे म्हणजे दांडा घालायचे भोक; त्याच्याभोवतीचा भाग कडक असता तर पहिल्याच गाठीच्या लाकडावर त्याला चीर गेली असती.

मूळ कुऱ्हाड कशी घडवली असेल, याचा अंदाज नेढ्याच्या आत डोकावले की येतो. नेढ्याच्या पुढच्या बाजूस, पात्याच्या दिशेने, एक पुसटशी रेषा जाताना दिसते. म्हणजे नेढे घन गोळ्यात सुंभ्याने (भोक पाडायच्या अवजाराने) पाडलेले नव्हते. पट्टी मधोमध तापवून ती एका लांबट सळईभोवती वळवली गेली, दोन्ही टोके समोरासमोर आणून जोडली गेली आणि त्या दोन गालांच्या मधे पोलादाचा तुकडा दाबून बसवला गेला. मामांच्या म्हणण्याप्रमाणे ती पट्टी बैलगाडीच्या चाकाच्या जुन्या धावेची होती. हे मला पटण्यासारखे वाटते, कारण जुन्या धावा अशाच तंतुमय लोखंडाच्या असत आणि त्यांची रुंदी-जाडी या कामाला जवळजवळ तयारच असे. दुसरी पद्धत नेढे पाडण्याची. तीत जाड तुकडा पिवळाधमक तापवून त्यात छिन्नीने फट पाडतात आणि मग लहानापासून मोठ्यापर्यंत सुंभे ठोकून ती रुंदावतात. तिच्यात जोडाची जोखीम नसते, पण घण मारणारे हात जास्त लागतात. वळवून केलेल्या नेढ्याचा एक गुण असा की पोलादाला आपोआप पोटात जागा मिळते. ही बाब पुढे फार महत्त्वाची ठरली.

नेढे ही काही पहिल्या दिवसापासून आलेली गोष्ट नाही, हे इथेच सांगून टाकतो. विदर्भात नागपूरच्या आसपास माहुरझरी, नायकुंड अशा ठिकाणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातल्या शिळावर्तुळांमध्ये, ज्या लोखंडी कुऱ्हाडी सापडल्या त्या बहुधा चपट्या आहेत. त्यांना नेढे नाही. दांड्यावर त्या आडव्या-तिडव्या लोखंडी पट्ट्यांनी आवळून बसवत. नायकुंडला डेक्कन कॉलेजच्या उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टीही मिळाली. त्या लोहारांना लोखंड उत्तम घडवता येत होते, हे त्यांच्या वस्तूंवरून दिसते. तरी दांडा आणि पाते यांचा सांधा त्यांनी निराळ्या रीतीने सोडवला होता. चांगल्या पट्टीला जोड दिला की कुऱ्हाड होते, असा माझा जो समज होता तो या कुऱ्हाडी पाहिल्यावर मोडला.

पहिल्या दुरुस्तीकडे वळतो. आठवडी बाजाराच्या कडेला एक घिसाडी कुटुंब मुक्कामाला होते. घिसाडी म्हणजे फिरस्ते लोहार. महाराष्ट्रात त्यांची गणना भटक्या जमातींत होते. गावचा बलुतेदार लोहार एका जागी बसून वर्षाचे बलुते घेई. घिसाडी मात्र गाडीवर संसार लादून गावोगाव जात आणि झाडाखाली ऐरण रोवत. आता गाडीच्या जागी टेम्पो आला आहे, पण ऐरण जमिनीत रोवायची पद्धत तीच आहे. या कुटुंबात सांडशी आणि हातोडा साठीच्या घरातल्या कारागिराच्या हाती होता, घण त्याच्या बायकोच्या हाती आणि हवा देण्याचा हातपंखा मुलाच्या हाती. बाई घण मारताना पाहून बाजारातले काही लोक थांबत होते. त्यांच्या घावाची लय मात्र मी आजवर कारखान्यात पाहिलेल्या कित्येक कामगारांपेक्षा नेमकी होती: कारागीर हातोड्याने जिथे टिचकी मारी, पुढचा घण नेमका तिथेच पडे.

मामांनी कुऱ्हाड दाखवल्यावर त्याने अंगठ्याने धार चाचपली आणि म्हणाला, "पाटील, यातलं पोलाद संपलंय. निस्तं लोखंड राह्यलंय." ट्रकच्या कमानपाट्याचा एक तुकडा त्याच्याकडे होता. तो त्याने कापला आणि पात्याच्या एका गालावर पसरून ठेवला. आगटीत दगडी कोळसा होता. दोन्ही तुकडे तापले, सवागीची (टाकणखाराची) चिमूट पडली, पुन्हा तापले आणि सात-आठ घावांत जोड बसला. धार काढली, पाणी पाजले, पैसे दिले. सगळे मिळून तासाभराचे काम झाले. तिसऱ्या दिवशी बाभळीचे खोड फोडताना पात्याच्या वरच्या कोपऱ्यापासून पोलाद उचलू लागले आणि संध्याकाळपर्यंत दोन बोटे आत उघडले.

मामा म्हणाले, "पोलाद खोटं." शेजारी म्हणाले, "आजकालचे पाटे पूर्वीसारखे राह्यले नाहीत." मीही होकार भरला. पण रात्री कंदिलाच्या उजेडात तो उघडलेला जोड पाहिला आणि शंका आली. सुटलेल्या भागाच्या आत दोन प्रकारचे पृष्ठ होते. मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत, धातू फाटलेला होता: खरखरीत, उजळ, ताजा. त्याच्या भोवती कडेपर्यंत काळे-निळे, गुळगुळीत कीट, म्हणजे तापताना लोखंडावर धरणारा थर, होते. फाटलेला भाग म्हणजे खरा जोड. तो झटापट करून तुटला होता. गुळगुळीत काळा भाग कधी जोडलाच गेला नव्हता. तिथे पहिल्या घावापासून दोन धातूंमधे कीट अडकून बसले होते. पोलाद तुटले असते तर ते पोलादातच तुटले असते. इथे पोलाद अखंड होते आणि जोडाच्या ठिकाणी सुटले होते. म्हणजे ते खोटे नसून ते बसलेच नव्हते.

आता ते का बसले नाही हा प्रश्न उरला, आणि त्याची कारणे एकात एक गुंतलेली आहेत. आगीतला जोड म्हणजे वितळवून जोडणे नव्हे. दोन्ही पृष्ठे इतकी तापवायची की त्यांच्यावरचे कीट द्रव होईल, आणि मग घावाने ते द्रव कीट बाहेर पिळून काढायचे. दोन स्वच्छ धातू एकमेकांना भिडले की ते एकजीव होतात. जुन्या लोखंडात स्वतःचीच मळी असल्यामुळे ते या कामाला फार सोयीचे असते, पण त्याला जवळजवळ पांढरा ताव लागतो, सुमारे १२५० ते १३०० अंश सेल्सियस. पोलादाचे नेमके उलट. कर्ब जितका जास्त तितके ते लवकर जळू लागते आणि लोखंडाला हव्या असलेल्या तावाच्या कितीतरी आधीच त्यातून ठिणग्या फुलबाजीसारख्या उडू लागतात. पहिल्या दुरुस्तीत पोलादाचा तुकडा बाहेरच्या बाजूला होता, म्हणजे आगीच्या थेट तोंडाशी. पोलाद ठिणग्या टाकू लागले, कारागिराने ते जळेल या भीतीने काम बाहेर काढले, आणि आतले लोखंड अजून पुरेसे तापलेलेच नव्हते. त्याची भीती रास्त होती. तुकड्याची जागा चुकली होती.

शिवाय कमानपाट्याचे पोलाद हे साधे कर्बपोलाद नसते. त्यात सिलिकॉन आणि मँगनीज असते आणि काही जातींत क्रोमियमही. क्रोमियमचे कीट सवागीच्या चिमटीत सहज विरघळत नाही. नव्याने पेटवलेल्या दगडी कोळशातला गंधक जोडाला आणखी बाधतो. अनुभवी माणसे म्हणूनच आधी कोळसा जाळून त्याचा कोक होऊ देतात आणि मगच जोडाचे काम आगीत घालतात. सर्वांत साधे कारण मात्र दोन्ही पृष्ठांच्या आकारात होते. दोन्ही सपाट होती. सपाटावर सपाट ठेवले की घावाने कडा आधी चिकटतात आणि मधले कीट कोंडले जाते, किंवा मधे घाव बसला तर कडेकडचे कीट जागेवरच थिजते. इथे दुसरा प्रकार झाला होता. एका पृष्ठाला किंचित फुगवटा दिला असता तर मधून बाहेर घाव घालत गेल्यावर कीटाला वाट मिळाली असती.

पुढच्या बाजारी आम्ही कुऱ्हाड घेऊन गेलो. मी जोड दाखवला आणि काळा भाग बोटाने खुणावला. कारागिराने तो क्षणभर पाहिला, सबब सांगितली नाही. "घाई झाली," एवढेच म्हणाला, "बाजार उठायला आला होता." मग पुढे: "वरून चढवलेलं सुटतं, साहेब. पोटात घातलं पाहिजे." मी जे अर्धी रात्र जागून कागदावर मांडले होते ते त्याने एका वाक्यात सांगितले. त्याला ते आधीपासून ठाऊक होते, मग पहिल्याच वेळी तसे का केले नाही, हा प्रश्न मनात आला. उत्तर त्याच्या समोर पसरलेल्या विळ्यांच्या आणि खुरप्यांच्या ढिगात होते. पोटात पोलाद घालायला दुप्पट वेळ आणि दुप्पट कोळसा लागतो, आणि आठवडी बाजारात कोणी त्याचे दुप्पट पैसे देत नाही. मामांनी दुप्पट पैसे कबूल केले आणि बाजाराच्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी येण्याचे ठरले.

दुसऱ्या दुरुस्तीचे काम मी आरंभापासून पाहिले. आधी जुने चढवलेले पोलाद छिन्नीने पूर्ण उखडून काढले आणि तो तुकडा कारागिराने बाजूला ठेवला. मग पात्याची कड लोखंडापर्यंत मागे कापली, पाते पिवळे तापवले आणि कडेच्या मधोमध रुंद छिन्नी ठेवून बाईंनी घण घातला. तीन सेंटिमीटर खोल फट पडली. पाते उघड्या चोचीसारखे दिसू लागले. फटीच्या आतल्या भिंती कानशीने चकचकीत केल्या. नवे पोलाद म्हणून त्याने एक झिजलेली मोठी कानस निवडली. कानशीचे पोलाद साधे असते, पण त्यात कर्ब भरपूर, १ टक्क्याच्या वर. क्रोमियमचा त्रास फारसा नाही. तिचे दात त्याने दगडावर घासून पूर्ण नाहीसे केले, कारण दातांच्या खाचांत कीट आणि हवा अडकते. मग तुकड्याला पाचरीसारखा उतार दिला आणि त्याच्या दोन्ही अंगांवर छिन्नीने चार-पाच काटे उठवले. हे काटे जोडासाठी नसतात. तुकडा फटीत ठोकून बसवल्यावर आगीत उलटापालट करताना तो निसटू नये म्हणून असतात. किती लहान गोष्ट, पण पहिल्या दुरुस्तीत आगीतून काढताना तुकडा सरकला होता, हे मला तेव्हा आठवले.

कोळसा या वेळी लाकडाचा होता. पूर्वी लोणारी समाजाची माणसे हा कोळसा पाडून लोहारांना पुरवत. आता तो बाजारात पोत्याने मिळतो. त्यात गंधक नाही आणि त्याची आग स्वच्छ असते, मात्र तो झपाट्याने जळतो, म्हणून मुलाला पंखा सतत मवाळ ठेवावा लागत होता. कारागिराने काम हवेच्या नळीच्या तोंडाशी ठेवले नाही. तिथे हवा जास्त आणि कीट जास्त. चार बोटे वर, जळत्या कोळशाच्या गाभ्यात, जिथे हवेतला प्राणवायू बहुतेक संपलेला असतो, तिथे त्याने पाते ठेवले आणि मधूनमधून उलटले. नारिंगी झाल्यावर बाहेर काढून फटीवर नदीची धुतलेली, वाळवलेली बारीक रेती आणि थोडी सवागी टाकली. रेती लोखंडाच्या कीटाशी मिसळून काचेसारखा द्रव तयार करते. तो द्रव सुमारे १२०० अंशांना वाहू लागतो, म्हणून तो नीट वाहत आहे की नाही हेच ताव पुरेसा झाल्याचे एक चिन्ह ठरते. सवागी त्याहून पुष्कळ आधी वितळते आणि तोवर पृष्ठ झाकून ठेवते.

आता पोलाद दोन लोखंडी गालांच्या मधे होते. पोटात घालण्याचे मर्म इथे दिसले: बाहेरचे लोखंड आगीचा मारा घेत होते आणि त्याला हवा असलेला पांढरा ताव गाठत होते, तर आतले पोलाद थोडे मागे राहत होते. जो फरक पहिल्या वेळी शत्रू होता तोच या वेळी मदतीला आला. पात्यावर लोण्याचा हात फिरवल्यासारखी ओली चकाकी आली आणि एक-दोन सुट्या ठिणग्या उडाल्या, तसे त्याने काम ऐरणीवर आणले. पहिले घाव जोराचे नव्हते. हातोड्याचे सहा-सात हलके, भराभर घाव फटीच्या मुळापासून कडेकडे गेले आणि प्रत्येक घावाला कडेतून पिवळी मळी चुळकाभर बाहेर उडाली. मग पुन्हा ताव, पुन्हा रेती, आणि आता घण. तिसऱ्या तावात दोन्ही कडा ठोकून सारख्या केल्या. शेवटी त्याने पाते लाल तापवून सावलीत धरले आणि ते निवताना निरखले. जिथे जोड बसलेला नसतो तिथे आतली उष्णता बाहेर येऊ शकत नाही, म्हणून वरची पातळ कातडी आधी काळवंडते आणि तेवढा डाग उमटतो. असा डाग एकही नव्हता. थंड पाते ऐरणीच्या कडेवर टेकवून हातोडीने टिचकी मारल्यावर खणखणीत नाद आला. पहिल्या दुरुस्तीनंतर आवाज बद्द आला होता, हे मामांना आता आठवले. ते त्या वेळी सांगितले असते तर बाभळीच्या खोडापर्यंत जायची वेळ आली नसती.

जोड उत्तम झाला. चूक पुढे झाली, आणि ती मी डोळ्यांदेखत होऊ दिली.

दुपारचे बारा वाजून गेले होते. झाडाची सावली सरकून आगटी उन्हात आली होती. कारागिराने धार तापवली, रंग पाहिला, पुरेसा वाटला तेव्हा पातेलीतल्या थंड पाण्यात कड बुडवली. मग विटेच्या तुकड्याने घासून त्याने रंग चढू दिला आणि धार गवताळ पिवळी होताच पुन्हा पाण्यात विझवली. धार अशी लागली की अंगठ्यावरचे केस उतरत होते. चौथ्या दिवशी करवंदाच्या झुडपाचे जुने मूळ तोडताना धारेच्या खालच्या कोपऱ्याचा, टाचेचा, नखाएवढा टवका उडाला. अर्थात पुन्हा तेच निदान झाले. या वेळी तर कानशीच्या पोलादावर सगळ्यांचा रोष होता, कारण "कानस ठिसूळच असते" हे सर्वांना ठाऊक असते.

टवक्याचा तुकडा मामांनी जपून ठेवला होता, हे फार बरे झाले. त्याची तुटलेली बाजू खडीसाखरेसारखी दाणेदार आणि चकचकीत होती. नीट पाणी पाजलेल्या पोलादाची तुटण मैद्यासारखी बारीक आणि मंद राखाडी असते. मोठे दाणे म्हणजे पाणी पाजण्याआधी पोलाद गरजेपेक्षा फार तापले होते. इतका अनुभवी माणूस एवढा चुकला कसा, याचे उत्तर उन्हात होते. तापलेल्या लोखंडाचा रंग हा त्याच्या स्वतःच्या प्रकाशाचा रंग असतो. भर उन्हात तो प्रकाश फिका पडतो, म्हणून सावलीत नारिंगी दिसणारे लोखंड उन्हात जेमतेम लाल दिसते. त्याने डाळिंबाच्या दाण्याचा रंग पाहिला आणि बुडवले; खरा ताव त्याहून बराच वर होता. कर्बाने समृद्ध पोलादाला ही चूक अधिक महाग पडते. मागचा कमानपाटा अशी चूक थोडीफार सोसतो, कानस नाही. त्यात भर म्हणून गवताळ पिवळा रंग, म्हणजे सुमारे २३० अंश, हा चाकूला किंवा छिन्नीच्या काही प्रकारांना चालतो. हादरा खाणाऱ्या कुऱ्हाडीला तो फार कडक पडतो. तिला जांभळ्या-निळ्यापर्यंत, २८० अंशांच्या आसपास, पाणी उतरवावे लागते.

तिसऱ्या वेळी आम्ही संध्याकाळी गेलो. मी जुन्या ध्वनिवर्धकातला लोहचुंबक बरोबर नेला होता. पोलाद ७७० अंशांच्या आसपास तापले की चुंबकाला चिकटेनासे होते आणि पाणी पाजायचा योग्य ताव त्याच्या अगदी किंचित वर असतो. कारागीर हसला, पण त्याने चुंबक एकदा लावून पाहिला, त्याच क्षणाचा रंग डोळ्यांत साठवला आणि मग तो बाजूला ठेवला. "आता कळलं," म्हणाला. त्यानंतर चुंबकाकडे त्याने पाहिलेही नाही, आणि नंतर दोनदा मी तपासले तेव्हा त्याची नजर अचूक होती. सांजेच्या उजेडात त्याला चुंबकाची गरज नव्हती. बाजाराच्या दुपारी ती होती, पण दुपारी चुंबक घेऊन कोण येणार?

आधी टवक्याच्या खालपर्यंत कड घासून काढली. मग पाते त्याच तावाला तीन वेळा तापवून प्रत्येक वेळी राखेत हळूहळू निवू दिले, म्हणजे आतले मोठे दाणे मोडून पुन्हा बारीक झाले. हे मी सुचवले होते, पण फार समजावून सांगावे लागले नाही. त्याच्या वडिलांनाही मोठे काम रात्रभर राखेत पुरून ठेवायची सवय होती, असे तो म्हणाला. मग कड डाळिंबी होताच तिची दोन बोटे कोमट पाण्यात बुडवली आणि पाण्याची रेषा एका जागी राहून तिथे चीर जाऊ नये म्हणून पाते सतत खाली-वर हलवत ठेवले. कड काळी झाली तरी मागचे अंग अजून लाल होते. तीच मागची उष्णता हळूहळू पुढे सरकू लागली. विटेने उजळलेल्या पट्टीवर आधी गवताळ पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा रंग कडेकडे चालत आला. जांभळ्यात निळ्याची झाक दिसताच सगळे पाते पाण्यात गेले. कानस फिरवून पाहिली. ती धारेवर घसरत नव्हती, किंचित चावत होती. कुऱ्हाडीला हेच हवे.

दांड्याचे काम मामांचे. धामणीची वाळलेली फांदी त्यांनी दोन वर्षांपासून माळ्यावर ठेवली होती. धामण आणि धावडा ही दोन लाकडे दांड्यासाठी आमच्याकडे पूर्वीपासून पसंत आहेत; धामण लवते आणि हादरा हातापर्यंत पोहोचू देत नाही. नेढे वरच्या बाजूला थोडे रुंद असल्यामुळे दांडा खालून घालून वरून पाचर मारली की पाते निघत नाही. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ" ही म्हण मामांनी याच वेळी म्हटली आणि उरलेला धामणीचा तुकडा चुलीत न टाकता पुन्हा माळ्यावर ठेवला.

ती कुऱ्हाड पावसाळ्याआधी महिनाभर रोज चालली. मी दिवाळीत पाहिली तेव्हा पात्याच्या दोन्ही गालांवर, धारेपासून अडीच बोटांवर, लिंबाच्या रसाने उमटवलेली पोलादाची पाचर अजून दिसत होती. जोडावर एकही चीर नव्हती आणि धारेला कुठे खाच नव्हती. पहिल्या दुरुस्तीतला कमानपाट्याचा जो तुकडा कारागिराने बाजूला ठेवला होता, त्याचे त्याने मामींसाठी खुरपे करून दिले होते, पैसे न घेता. भुईमुगाच्या दोन निंदणींनंतरही मामींनी ते एकदाच पाजवले होते, आणि घरात ज्या पोलादाला सगळ्यांनी खोटे म्हटले होते ते हेच, हे त्यांना कुणी सांगितलेले नव्हते.